पिवळीने खाणं सोडलं

माझा मामा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मामा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतो, मेणात दात बसवतो आणि घासूनपुसून कवळी परत धाडतो. ज्याच्या तोंडात ती जाते त्या माणसाला त्याने कधी पाहिलेलं नसतं. पुढच्या खोलीत फळ्यांवर नुसते जबडेच जबडे. मी त्याला चिडवायची, घरात एवढी तोंडं आणि बोलणारं एकही नाही. पूर्वी तो यावर हसायचा. मामी गेल्यापासून मी असं म्हणणं बंद केलं.

गेल्यापासून म्हणजे भलता अर्थ घेऊ नका, मामी ठणठणीत आहे. मुलीच्या बाळंतपणाला गेली, विमानाने जावं लागतं इतक्या लांब, आणि तिकडेच राहिली. आधी बाळ अगदीच लहान म्हणून, मग मुलगी कामावर रुजू झाली म्हणून, मग पाळणाघर पसंत पडेना म्हणून. आता ती नात स्वतःचे बूट स्वतः चढवते. मामाही एकदा जाऊन आला. तिथे त्याच्यासाठी एक खुर्ची ठरवून दिली होती आणि नेमकी तीच सारखी कुणाच्या तरी वाटेत यायची. कामं खोळंबलीत असं सांगून तो लवकरच परतला.

"कधी येतेस?" असं मामाने मामीला एकदाही विचारलेलं नाही. त्याचा स्वभावच तसा. बसमध्ये शेजारच्याचं कोपर बरगडीत रुतलं तर हा आणखी सरकून जागा देणार. मी फटकळ. "तुला जमत नसेल तर मी विचारते मामीला," असं म्हटलं की एरवीचा हा मवाळ माणूस डोळे वटारायचा.

"तू मध्ये पडायचं नाहीस. तिला यावंसं वाटलं तर ती येईल."

मामीने मागे ठेवली ती माशांची टाकी. चार पिवळे मासे, तिने हौसेने आणलेले. फोन आला की तिचा पहिला प्रश्न, "मासे कसे आहेत?" माझ्या डोक्यात तिडीक जायची. मामा मात्र रविवारी फोनच्या आधी टाकीची काच लख्ख पुसून ठेवायचा.

अशाच एका रविवारी मी गेले तर मामा चेहरा पाडून दारातच उभा.

"पिवळी खात नाही."

पिवळे चारही असले तरी त्यांतल्या एकीलाच तो पिवळी म्हणायचा. मी टाकीत डोकावले. दाणे पडले की बाकीचे तिघं तुटून पडत होते. ही जवळ यायची, बघायची आणि मान फिरवल्यासारखी निघून जायची. हनुवटी चांगली फुगली होती.

"जबड्याचं दुखणं आहे," मामा म्हणाला. "मुळाशी पू झाला की अशीच सूज येते."

"मामा, माशाला दाढ दुखते का कधी?"

"दात काढू नकोस. मेली तर तिला काय सांगू मी?"

तेव्हा माझं हसू गेलं. त्या दोघांमध्ये बोलायला या माशांखेरीज दुसरं काही उरलेलंच नव्हतं. मासे मेले असते तर मामीने फोन करून विचारलं काय असतं?

मामाने जाळी काढून ठेवली होती आणि मेण कोरायची बारीक पट्टी उकळत्या पाण्यातून धुऊन घेतली होती. पिवळीला हातात धरून तिचं तोंड उघडायचं आणि आत काय झालंय ते बघायचं, असा त्याचा बेत. आयुष्यभर जबडे हाताळलेला माणूस, त्याला यात वावगं काही वाटत नव्हतं. मला मात्र बघवेना. मी ती पट्टी हिसकावून घेतली आणि त्याला जवळजवळ ओढतच माशांच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने माझ्या मोबाइलमधला व्हिडिओ बघितला आणि खो खो हसत सुटला.

"अहो काका, कसला आजार? आई होतेय ती. अंडी तोंडात धरून बसलीये. पिल्लं फिरायला लागेपर्यंत ती काही खाणार नाही. खाल्लं तर पोरं पोटात जातील ना!"

"पण तुम्ही तर चारही माद्या म्हणून दिल्या होत्या."

"मग एखादा निघाला असेल नर," दुकानदार म्हणाला. जसा काही त्याचा त्या व्यवहाराशी संबंधच नव्हता. "घरच्या टाकीत सहसा नाही होत हे. नशीबवान आहात. फक्त तिला घाबरवू नका, नाहीतर सगळी थुंकून टाकेल."

मी मामाकडे बघितलं. परतताना तो वाटभर स्वतःच्याच हातांकडे पाहत चालला होता.

दुकानदाराने बजावलं होतं, की तिला वेगळी ठेवा, नाहीतर बाकीचे पिल्लांचा फडशा पाडतील. मामाने एक लहान टाकी घेतली, कामाच्या टेबलावर जबडे बाजूला सारून तिथे ठेवली आणि अर्ध्या काचेवर जुनं फडकं सोडलं. आता अडचण अशी, की कवळी घासायचं मशिन त्याच टेबलावर, आणि ते लावलं की पाणी थरथरायचं. मग मामाने मशिन उचलून बाथरूममध्ये नेलं. स्टुलावर बसून, दार लावून घेऊन, हा गृहस्थ आत लोकांच्या कवळ्या घासायचा. दारावर टकटक केलं की आतून "हळू!" असा आवाज यायचा.

मामीला त्याने यातलं काही कळू दिलं नाही. "एकदम पिल्लंच दाखवू," म्हणाला. त्याच सुमारास मला दिसलं, की मामीचं कपाट उघडून त्याने कपड्यांना ऊन दाखवलं होतं. पलंगाच्या तिच्या बाजूला साठलेले मासिकांचे गठ्ठे हलले होते. पिल्लं बघायला म्हणून ती येईल असं त्याच्या मनाने घेतलं होतं. एवढा जाणता माणूस आणि आशा कशावर, तर इवल्याशा माशांवर!

पिल्लं सुटली तेव्हा त्याने मला भर ऑफिसात फोन केला. "आली, आली," एवढंच म्हणत राहिला. संध्याकाळी मी जाऊन बघितलं. जिऱ्याएवढी होती, नीट पाहिल्याशिवाय दिसायची नाहीत. मामाची सावली पडली की सगळी धावत पिवळीच्या तोंडात शिरायची आणि ती तोंड मिटून घ्यायची. पुढे पुढे ती त्यांच्यासाठी तोंड उघडेनाशी झाली. मग एके दिवशी तिने दाणा खाल्ला. उपाशी राहून तिचं पोट पार खपाटीला गेलं होतं.

रविवारी मामाने टॅबलेट एका जबड्याला टेकवून उभा केला. पिल्लं बघून मामी अक्षरशः टाळ्या पिटायला लागली. नातीला उचलून मांडीवर घेतलं, "बघ, आजोबांकडची बाळं!" असं दहादा म्हणाली. मला वाटलं, मिळवलं मामाने.

"तिने खायला सुरुवात केली," मामा सांगू लागला. "पिल्लं आता आपापली फिरतात. तिच्यावाचून अडत नाही त्यांचं." त्याने घसा खाकरला. "बरेच दिवस झाले तिला तिकडे. आता मोठ्या टाकीत परत आणावी म्हणतो. जागा आहेच तिची."

मी मान वर केली. मामाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

मामीचं हसू ओसरलं. नातीच्या केसांतला तिचा हात थांबला. तिने मागे वळून दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अहो, हिला पुन्हा दिवस गेलेत. आज सांगणारच होते तुम्हाला."

"अरे वा," मामा म्हणाला. "छान झालं. जप तिला."

"तुम्ही जेवता ना वेळेवर?"

"जेवतो की."

नातीने स्क्रीनवर हात मारला आणि फोन बंद झाला.

मला रडू येत होतं आणि रागही, आणि दोन्ही आलं की माझा आवाज चढतो. "कसली ती मासे-पिल्लं लावली होतीस रे मामा? सरळ सांगायचं होतंस ना, परत ये म्हणून!"

मामा टॅबलेटमागचा जबडा उचलून फळीवर ठेवत होता.

"सांगितलं की," तो म्हणाला. "तिला कळलंही."