फरकाचं कारण

आमच्या साडूंइतका डोकं खाणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याची बायको कधीच माहेरी निघून गेली असणार. धंतोलीतल्या एका खासगी इस्पितळाचं बजेट ते बघत. वर्ष सुरू होण्याआधी प्रत्येक विभागाचा खर्च ठरवायचा, मग दर महिन्याला ठरलेला आणि झालेला खर्च शेजारी-शेजारी मांडून मधल्या फरकाचं कारण मागायचं, हे त्यांचं काम. मागायची पद्धत एकशब्दी. चष्मा कपाळावर, बोट फरकावर आणि प्रश्न, "काहून?" भलेभले सर्जन या एका शब्दाला टरकून असत. बरं, घरी तरी सुटका? छे! पोटच्या पोरीच्या लग्नात पंगत बसलेली, आणि हा वधूपिता आचाऱ्याला धरून विचारतोय, "भात उरला, काहून?" एकदा मी त्यांच्याकडे सांगितल्यापेक्षा थोडा उशिरा पोचलो, तर दारातच "काहून?" मी म्हटलं, रेल्वेचं फाटक लागलं होतं. तर म्हणतात, "फाटक रोजच लागते. ते अंदाजात धराले पाहिजे होतं ना, भाऊ!" त्या दिवशीचा चहा मला गोड लागला नाही.

आता माझं दुर्दैव असं, की त्याच इस्पितळाच्या तळघरातलं स्वयंपाकघर माझ्याकडे. पेशंटांचं पथ्याचं जेवण आमच्या बाया रांधतात, त्याचे पैसे पेशंटांच्या बिलातून येतात. मागच्या हिवाळ्यात कुणकुण लागली, की स्वयंपाकघर बंद करून जेवण बाहेरच्या ठेकेदाराकडून आणायचं घाटतंय. का, तर साडूंच्या तक्त्यात आम्ही सतत तोट्यात! पोळ्या लाटणाऱ्या शोभाताईंनी लाटणं खाली ठेवून मला विचारलं, "साहेब, आमाले काढून राहिले का जी?" त्यांच्या एकटीच्या कमाईवर घर चालतं, हे मला ठाऊक होतं.

घरी बायकोने सख्ख्या बहिणीशी अबोला धरला. मी तिरीमिरीत साडूंचं घर गाठलं आणि म्हणालो, "बायांच्या पोटावर पाय आणताय तुम्ही!" ते शांतपणे म्हणाले, "ऑफिसचं घरी बोलत नाही मी," आणि माझ्यापुढे चिवडा सरकवला. असा संताप आला म्हणून सांगू! चिवड्याला हात न लावता परतलो.

मीटिंगच्या आदल्या दिवशी स्वारी अचानक तळघरात हजर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच! साडू कढयांच्या मधून फिरले, भिंतींकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "लिफ्ट खाली येत नाही काय?"

"नाही. ट्रॉल्या उतारावरून ढकलत नेतो."

"आणि एसी?"

शोभाताईंना त्या स्थितीतही हसू फुटलं. "एसी? पंखा तरी धड फिरते का जी?"

साडू तडक जिना चढून गेले.

मीटिंगला मलाही बोलावलं होतं. इस्पितळाचे मालक, मोठे डॉक्टर, स्वयंपाकघराचा तोटा वाचून दाखवू लागले, तसे साडू उभे राहिले. म्हणाले, "लिफ्ट, एसी, पहारा, असा जो सगळ्यांचा समाईक खर्च, तो ज्याची जागा मोठी त्याच्यावर जास्त, असा नियम मीच लावला. सगळ्यात मोठी जागा तळघराची. जी लिफ्ट त्यांच्यापर्यंत जातच नाही, तिचाही खर्च त्यांच्या नावावर टाकला मी. उद्या स्वयंपाकघर बंद केलं तरी लिफ्ट चालणारच. तो खर्च वाचणार नाही, दुसऱ्याच्या डोक्यावर बसेल. बाया आपला खर्च आपण भागवतात. तोटा माझ्या नियमाचा आहे."

मोठ्या डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतकी वर्षं आम्हाला चुकीचा तक्ता दाखवला? काहून?"

बाप रे! तोच शब्द, आणि साडूंवर! मी खाली मान घातली. साडूंनी चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "कधी खाली उतरून पाह्यलंच नाही, म्हणून."

स्वयंपाकघर वाचलं. शोभाताईंचं लाटणं आजही चालू आहे. साडूंकडचं बजेटचं काम मात्र काढून घेतलं, एक रिकामं टेबल दिलं, आणि पुढे त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. बहिणी-बहिणी पुन्हा तासन्‌तास फोनवर बोलू लागल्या. पण त्या घरात आता भात उरला तर उरतो, कोणी कारण विचारत नाही. ज्या शब्दाने आयुष्यभर जीव नकोसा केला, तो ऐकायला मिळत नाही म्हणून मला वाईट वाटावं, कमाल आहे की नाही!

गेल्या रविवारी मी मुद्दाम चांगला तासभर उशिरा गेलो. त्यांनी दार उघडलं. "या, भाऊ," एवढंच. मला राहवेना. म्हटलं, "अहो, उशीर झाला. विचारा ना!"

साडू हसले. माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाले, "फाटक लागलं असन."

फाटक उघडंच होतं. मी मान डोलावली आणि आत जाऊन बसलो.