काकांच्या वाटणीची वीज

माझी मावशी शिवणकाम करते आणि तोंडाने भलतीच फटकळ आहे. काकांनी वीज कंपनीशी भांडून कनेक्शन तोडलं आणि छपरावर सोलर पॅनल बसवले, तेव्हा "आता बसा अंधारात मांडी घालून," असं तिने त्यांना सुनावलं होतं. पण पुढे दोघांचं जमलं. बॅटरीत असेल तेवढी वीज संध्याकाळी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची. निम्म्यावर मावशीचं मशीन चालायचं, निम्म्यावर मागच्या खोलीत काकांचा दिवा आणि रेडिओ.

काका गेले. आता बॅटरी दुप्पट पुरायला हवी होती, पण बॅटरीच्या मीटरचा काटा रोज पूर्वीइतकाच उतरतो, कधी जास्तच. मेकॅनिक एकेक वायर तपासून गेला. "बॅटरी ठणठणीत आहे, मावशी. मागच्या खोलीत काहीतरी चालू राहतंय."

मागच्या खोलीत एक रिकामी खुर्ची आहे. होल्डरमध्ये बल्बसुद्धा नाही.

काल संध्याकाळी मी तिथेच होते. काटा निम्म्यावर आला तशी मावशीने बाही अर्धवट सोडून मशीन थांबवलं आणि आपला दिवा मालवला.

"अगं, हे काय?"

"त्यांना पुरायला नको?"

"मावशी, त्यांचा रेडिओ तूच भंगारवाल्याला दिलास ना?"

"दिला. तिथंच चुकलं माझं," ती अंधारातून म्हणाली. "पूर्वी तासभर ऐकून झोपायचे. आता घरभर शोधत फिरतात."