वालाच्या वेलाखालची सायकल

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारात कोथिंबीर निवडत होतो. फोन सुजातावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा. सकाळी चहा पिता पिता खुर्चीतच गेला म्हणाल्या. छातीत कळ नाही, दवाखाना नाही, काही नाही. मी कोथिंबीर तशीच टाकून तळेगावची गाडी पकडली. आता जे लिहितो ते वाचून कुणी मला नावं ठेवील, खुशाल ठेवावीत. खंडाळ्याकडून ढग उतरत होते, मी खिडकीशी बसलो होतो, आणि शाळेपासूनचा मित्र गेल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो त्याच्या सायकलीचा. ती हिरवी सायकल आता कुणाकडे जाणार... रडू त्यानंतर आलं, मळवली गेल्यावर.

आम्ही दोघं कामशेतच्या शाळेतले. तो पुढे तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला आणि तिथेच फोरमन होऊन निवृत्त झाला. मी लोणावळ्यात कॉलेजात फिजिक्स शिकवलं. पन्नाशीच्या आसपास दोघांनाही सायकलीचं वेड लागलं, तेही नव्या चकचकीत सायकलींचं नाही, जुन्या रेसिंग सायकलींचं. कुठल्या तरी साहेबाने कधीकाळी परदेशातून आणलेली, मग माळ्यावर टाकलेली, शेवटी भंगारात गेलेली सायकल हुडकायची, ती कुठली ते ओळखायचं आणि तिला जुळणारे भाग शोधून पुन्हा रस्त्यावर आणायची. आमचा यात एकच कायदा होता. फ्रेम ज्याला आधी दिसली त्याची. बघणाऱ्याची. दुसऱ्याने कुरकुर न करता तिचे भाग शोधायला मदत करायची. कायदा मीच केला होता, कारण मला वाटायचं माझी नजर त्याच्यापेक्षा तेज आहे.

मिलिंदचा मला हेवा वाटायचा हे पहिल्यांदाच कागदावर लिहितो आहे, बोलून मात्र त्याला कैक वेळा दाखवलं होतं. रविवारी आम्ही चार-पाच जण कामशेतहून पवनेच्या बाजूला जायचो. तिकोणा पेठेच्या अलीकडचा चढ आला की हा पठ्ठ्या गप्पा मारत मारत पुढे निघून जायचा, आणि मी जीभ बाहेर काढून वर पोचेपर्यंत याचा चहा अर्धा झालेला असायचा. वर मलाच म्हणायचा, "शिऱ्या, दमानं ये की. चहा कुठं पळून जातोय?" तो उंच, लांब पायांचा, मी त्याच्या खांद्याला लागणारा. कुणाच्याही घरी गेला तरी पाच मिनिटांत त्या घरचा होऊन जायचा. माझ्या सख्ख्या बहिणीने मला कधी विचारून भाजी केली नाही, पण मिलिंद यायचा म्हटलं की ती अळूवड्या करायची. असा माणूस मित्र म्हणून मिळणं हे भाग्य म्हणतात. असेल. मला ते भाग्य रोज खुपायचं.

ती हिरवी फ्रेम तर माझ्या घराच्या वाटेवर होती, याला काय म्हणावं? माझं घर आणि कॉलेज यांच्यामध्ये एक जुना बंगला आहे. मालक मुंबईला, राखणीला एक मावशी. त्या कुंपणावरून मी वर्षानुवर्षं जात-येत होतो. मिलिंद एकदा माझ्याकडे जेवायला आला, जेवून आम्ही पाय मोकळे करायला निघालो, आणि त्या कुंपणापाशी हा थबकला. आत मावशींनी वालाचा वेल चढवला होता आणि वेलाला आधार म्हणून काहीतरी उलटं रोवून ठेवलं होतं. मला वेल दिसला. त्याला पानांच्या आडची सायकलीची फ्रेम दिसली. "माझी," तो हळूच म्हणाला. मी वाकून पाहिलं तर खिडकीच्या ग्रिलला लावतात तो हिरवा ऑइलपेंट फासलेली, चाकं नाहीत, हँडल नाही, नुसती फ्रेम आणि पुढचा चिमटा. पण नळ्या अशा सडपातळ, सांधे असे कोरीव की मी कुंपणाला नाक लावून बघत राहिलो. मावशी बाहेर आल्या, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "न्या की, आमाला काय करायची? पन शेंगा हुंद्यात आदी. वेल उपटायचा न्हाई." मिलिंद हसून बरं म्हणाला आणि निवांत तळेगावला निघून गेला. शेंगा संपेपर्यंत त्या कुंपणावरून रोज मलाच जावं लागत होतं. कधी नव्हे तो वाल त्या वर्षी मला संपता संपेना असा वाटला.

शेवटी फ्रेम सुटली. ती कुठली हे ओळखणं हा खरा खेळ. पुढची पाटी निघालेली, स्टिकरचा पत्ता नाही, पेंट खरवडला तर पायडलांच्या आसाची जी आडवी नळी असते तिच्या बुडाला नुसते चार आकडे. मी ठामपणे म्हणालो जपानी. मिलिंद म्हणाला, "बघू, तिलाच बोलू दे." मग आम्ही ती कामशेतला गुलाबभाऊंच्या दुकानात नेली. गुलाबभाऊ आम्हाला शाळेपासून पंक्चर काढून देणारे. आसाच्या नळीत दोन्ही बाजूंना वाटीसारखे कप असतात, ते निघाल्याशिवाय पुढचं काही जुळवता येत नाही. आपल्याकडच्या सगळ्या सायकलींना उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. म्हणजे सोडायचा असेल तर आवळल्यासारखा फिरवायचा. हे मावळातल्या कुठल्याही दुकानात झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. तसा आम्ही फिरवला, पण हलेना. गुलाबभाऊ म्हणाले, "लय कडक हाय. पाइप आना." पान्याच्या दांड्याला पाण्याचा पाइप लावला. मी फ्रेम धरून खाली बसलो, मिलिंद आणि गुलाबभाऊ पाइपावर लोंबकळले. रॉकेल ओतून झालं, गरम करून झालं, शिव्या देऊन झाल्या. कप ढिम्म.

घरी आल्यावर मला चैन पडेना. दुसऱ्या रविवारी व्हर्नियर घेऊन गेलो आणि आसाच्या त्या नळीची रुंदी मोजली. आपल्या सायकलींची अडुसष्ट मिलिमीटर असते, ही सत्तर भरली. सीटची दांडी जिथे जाते तिथलं तोंडही आपल्या दांड्यांहून मोठं होतं, पातळ पत्र्याच्या महागड्या नळीचं असतं तसं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सत्तरची रुंदी इटालियनांची, आणि त्यांचे आटे दोन्हीकडे सुलटेच असतात. म्हणजे आम्ही तिघं पाइपाला लोंबकळून तो कप काढत नव्हतो, जन्माचा आवळत होतो. गुलाबभाऊंनी कपाळाला हात लावला. मिलिंद दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग सुलट्या बाजूने जोर लावला, आणि महाप्रयासाने का होईना, कप निघाला. म्हणजे फ्रेम ओळखली ती मी. आता निदान हे तरी माझं राहील की नाही? तर पुढच्या रविवारी तिकोणा पेठेत चहाला बसल्यावर यानेच सगळ्यांना रंगवून सांगितलं, "जपानी म्हणत होता, पण शेवटी शिऱ्यानंच ओळखली बरं का. माझ्या बापाला जमलं नसतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, घ्या. माझं कौतुकही यानेच करायचं आणि त्यातही लोक यालाच मोठ्या मनाचा म्हणणार. माझा तर चहाच गोड लागेना.

कायद्याप्रमाणे तिचे भाग मीच शोधले. त्या आट्यांचे नवे कप पुण्यात कुणाकडे नव्हते. मुंबईत एका जुन्या दुकानदाराच्या खोक्यात तेलाच्या कागदात गुंडाळलेले मिळाले. मागचं चाक आताच्या चाकांहून अंमळ अरुंद लागत होतं, त्याचा मधला हब मी एका ओळखीच्याकडून मागून आणला. सीटची दांडी तर मी किती दारं ठोठावून आणली ते माझं मला ठाऊक. कोरी करकरीत, अंगावर एक ओरखडा नसलेली. ती त्याच्या हातात देताना मला मुलगी सासरी धाडल्यासारखं झालं होतं. त्याने ती बसवली, पायडलवर टाच टेकवून उंची जमवली आणि टूलरूमच्या सवयीप्रमाणे दांडी नळीत शिरते तिथे कानशीने एक बारीक रेघ मारली. ही त्याची पद्धतच होती. आमच्या रविवारच्या टोळक्यात ज्याची ज्याची सायकल त्याने जुळवली, त्याच्या पायाचं माप तो वितीने घ्यायचा आणि दांडीवर रेघ मारायचा. "रेघेवर सीट ठेवा, गुडघे कधी कुरकुरणार न्हाईत," असं सांगायचा. माझ्या सायकलीवरची रेघही त्याचीच होती, आणि गुडघे खरंच कुरकुरले नाहीत. हिरवा रंग त्याने तसाच ठेवला. म्हणाला, चोर बघणार नाही आणि मावशींना ओळखू येईल.

ती सायकल रस्त्यावर आली तेव्हा चढावर तो आणखी पुढे दिसायला लागला. एकदा तिकोणा पेठेत त्याने ती माझ्यापुढे धरली. "चालवून बघ ना. अर्धी तुझीच आहे." मी म्हणालो, "माझे पाय कुठे पोचतात तुझ्या उंचीला. तुझी तुला लखलाभ." तो हसला, आणि पुन्हा कधी त्याने विचारलं नाही. पुढच्या रविवारी त्या कोऱ्या दांडीला, सीटच्या खाली, काळी टेप गुंडाळलेली दिसली. माझ्या इतक्या सुंदर दांडीला! मी विचारलं, "हे काय, जखम झाली का हिला?" तर म्हणाला, "पाणी जातं रे आत." पाणी जातं खालच्या तोंडातून, टेप गुंडाळलेली वर चार बोटं. फिजिक्स शिकवणाऱ्याला हे कळायला हवं होतं. पण मला तेव्हा फक्त याला वस्तूची कदर नाही एवढंच दिसलं.

त्याच्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. कारखान्यातले, कामशेतचे, सायकलवाले, बंगल्याच्या मावशीसुद्धा लोणावळ्याहून आल्या होत्या. बुद्धवंदना झाल्यावर एकेक जण उठून बोलत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की मिलिंद सगळ्यात जास्त त्याचाच होता. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवून नको म्हटलं. माझ्या मित्राबद्दल हे लोक माझ्यादेखत इतकं हक्काने बोलतात याचाच मला राग आला होता. त्यानंतर काही आठवड्यांनी वहिनींचा फोन आला. "शिरीषभाऊ, बाल्कनीतली सायकल तेवढी घेऊन जा. रोज दार उघडलं की समोर तीच दिसते." मी विचारलं, त्याने तसं काही सांगून ठेवलं होतं का? "त्यांनी काही सांगितलं नाही," वहिनी म्हणाल्या, "पण दुसऱ्या कुणाला देऊ?"

ज्या दिवसाची मी वर्षानुवर्षं वाट पाहिली तो दिवस असा आला. बाल्कनीतून ती खाली आणताना जिन्यात मी दोनदा थांबलो. टेम्पोत घातली आणि सरळ गुलाबभाऊंकडे नेली, कारण सीट माझ्या छातीला लागत होती. गुलाबभाऊंनी हँडलवरून हात फिरवला. "आता तुमची झाली म्हनायची," ते म्हणाले. मी व्हय म्हणालो, आणि खरं सांगतो, म्हणताना आतून बरं वाटलं. त्यांनी माझा पाय वितीने मापला, सीटचा बोल्ट सैल केला आणि म्हणाले, "ही टेप काडाय लागंल. दांडी आत जायाची न्हाई." टेप पार चिकटून बसली होती. त्यांनी नखाने टोक उचललं आणि ओढत गेले. मग थांबले आणि चष्मा पुसला. "मास्तर, हितं अजून एक रेघ हाय. ही कुनाची?"

मी वाकून पाहिलं. खाली त्याची रेघ होती आणि तिच्यावर चार बोटं, टेपखाली झाकलेली, कानशीने मारलेली दुसरी बारीक रेघ. गुलाबभाऊंनी सीट माझ्या मापाने खाली घेतली. ती रेघ नळीच्या तोंडाशी बरोबर येऊन टेकली. मी पाय टाकून बसलो. टाच पायडलवर नीट बसली, गुडघ्याला हवा तेवढाच बाक... त्याने माप घेऊन ठेवलं होतं, सगळं तयार करून ठेवलं होतं, आणि मी मागायची वाट बघत रविवारमागून रविवार माझ्यापुढे चढ चढत राहिला. मी नुसतं 'दे' म्हणायचा अवकाश होता. "आवळू का?" गुलाबभाऊंनी विचारलं. मी म्हणालो, "आवळा. या खेपेला सुलट्या बाजूने."

आता ती माझ्या दारात उभी असते. रविवारी मी तिकोणा पेठेपर्यंत जातो, चढावर पुढे कुणी नसतं, आणि चहाच्या टपरीवर एखादा नवखा पोरगा तिच्याभोवती फिरून विचारतो, काका, भारी आहे, कुणाची? मी सांगतो, मिलिंदची. आधी त्याला दिसली, म्हणून त्याची. आणि सांगताना अजूनही पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू.