पोचमभाऊ आणि आपोआप वाढणारी मेंबरशिप

पोचमभाऊ गाडीचं बॉनेट आधी कधीच उघडत नसत. अहेरीत आलापल्लीच्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. गाडी आत घेतली की हात पुसत यायचे आणि मालकापुढे तळवा पसरायचे. "गाडी मंग पाहू. पह्यले मोबाइल दाखवा." मग त्या माणसाला जुन्या टायरवर बसवून चौकशी सुरू. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारी मेंबरशिप घेतली आहे का? ती दरसाल आपोआप पुढे चालू होते का? होत असेल तर ते आपोआपचं खूळ भाऊंच्या डोळ्यांदेखत बंद करायचं, मगच पाना हातात. गिऱ्हाइकं वैतागायची. काही तर दुसऱ्या गॅरेजात निघून गेली. भाऊंनी अट सोडली नाही.

मीही वैतागले होते. मी इथल्या शाळेत शिकवते, तोंडाची जरा फटकळ आहे, आणि त्या दिवशी घाईत होते. माझ्या बाबांच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला चंद्रपूरला न्यावं लागे. एक खेप हुकली की पायांवर सूज, दम. दोन हुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

"भाऊ, गाडी दुरुस्त करता की माझी शाळा घेता?" मी म्हटलं.

"शाळाच घेतो मॅडम. हे काऊन चालू ठेवलं?"

"असू द्या, अडीअडचणीला."

"अडचन तुमची इथी येते, अन् मदत कुठून निंगते? इचारलं का कधी त्यायले, येता का म्हून?"

विचारलं नव्हतं, खरं सांगते. शोरूममधल्या माणसानं पहिलं वर्ष फुकट म्हणून ती माझ्या गळ्यात मारली होती. पुढे दरवर्षी ती आपली आपण वाढत गेली. मेसेज यायचा, मी न वाचता पुसून टाकायची. मेंबरशिप आहे एवढ्या विचारानंच मला धीर वाटायचा.

भाऊंनी माझ्याच मोबाइलवरून मदतीचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला. "बाई, गाडी सिरोंचा रस्त्यावर जंगलात उभी हाये. तिथी टावर नाई, म्हून गावात येऊन फोन केला. किती वेळात येता?" पलीकडची मुलगी गोड आवाजात लोकेशन मागू लागली. मग तिनं बराच वेळ ताटकळत ठेवलं आणि सांगितलं, तिकडे जवळपास आमचा कुणी नाही, कुणी मिळालं की कळवू. किती वेळात, ते सांगता येणार नाही. भाऊ चिडले नाहीत. "बरं बाई. जेवन झालं का तुमचं?" एवढं विचारून त्यांनी फोन ठेवला. मला हसू फुटलं. भाऊ हसले नाहीत.

"हे खराब हाये असं नाई म्हनत मी. नागपूरवाल्यानं खुशाल घ्यावं. पन दरसाल आपल्या हातानं घ्यावं. तारखेच्या आंधी असाच फोन लावा, इचारा, पटलं त भरा. आपोआप चालू राह्यलं का मानूस इचारनंच सोडते."

मी तिथंच, टायरवर बसल्या बसल्या, ते बंद केलं.

त्यांच्या अटीमागचं कारण मला खूप पुढे कळलं. एका दुपारी चहा पिताना त्यांनी आपण होऊन सांगितलं. भाऊ मूळचे सिरोंच्याकडचे, बायकोचं नाव राजक्का. एकदा तिच्या छातीत दुखायला लागलं. भाऊंनी तिला स्वतःच्या गाडीत निजवून चंद्रपूरची वाट धरली. आष्टीच्या पुढे क्लच प्लेट गेली. ती रस्त्यावर बदलता येत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण मेंबरशिप होती, नुकतीच ती पुढच्या वर्षासाठी वाढल्याचा मेसेजही आला होता. फोन लागला, 'मदत निघाली आहे' असं उत्तर मिळालं. तेवढ्यात मागून एसटी आली. ड्रायव्हर ओळखीचा, त्यानं आपण होऊन थांबवली. बाजाराचा दिवस, दारापर्यंत माणसं कोंबलेली. राजक्का म्हणाली, जाऊ ना बसनं.

"मी म्हटलं, एवढ्या गर्दीत तुले जागा कोन देईन? आपली मदत येऊन राह्यली, तू इथीच पडून राय. अन् बस सोडली मॅडम. म्याच हात हालवून सोडली."

मदत आलीच नाही. फार उशिरानं धानाचा एक ट्रक थांबला, पण राजक्का दवाखान्यापर्यंत पोचली नाही. संध्याकाळी भाऊंना फोन आला, 'आपली समस्या सुटली का?'

"अन् सालभरानं मेसेज. अभिनंदन, तुमची मेंबरशिप चालू झाली. म्या बंदच केलं नोतं जी! दुखात ध्यानातच नाई राह्यलं. ज्याच्या भरोशावर बाई गेली, त्याचे पैसे म्याच देऊन राह्यलो होतो."  

पोचमभाऊंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या मयतीला गॅरेज सोडून गेलेली गिऱ्हाइकंही आली होती. मला मात्र ते जायच्या थोडे दिवस आधीचा एक फोन विसरता येत नाही.

त्या सकाळी गोंडपिपरीच्या अलीकडे माझी गाडी बंद पडली. बाबा मागच्या सीटवर, आधीची खेप हुकलेली, धाप लागलेली.  'मदत निघाली आहे' असं फोनवर सांगून थांबवून ठेवणारं आता कुणी नव्हतं, हे किती बरं होतं! मागून एसटी दिसली. बाबा म्हणाले, "गर्दी आहे गं, पुढची बघू." मी ऐकलं नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. गाडी तशीच सोडून आम्ही चढलो. बाबांचं डायलिसिस वेळेवर लागलं, आणि दवाखान्यातल्या बाकावर बसून मी भाऊंना फोन केला.

"लय बेस केलं," ते म्हणाले. "गाडीची चिंता नोका करू, ते मी घेऊन येतो." मग त्यांनीच पुढे विचारलं. 

"गर्दी असन ना मॅडम बसमंधी?"

"पाय ठेवायला जागा नव्हती, भाऊ."

"मंग बाबा उभ्यानं आले?"

"छे हो! त्यांना बघून दोन बाया पटकन उठल्या. आख्खी सीट रिकामी करून दिली. बाबा आडवे होऊन आले."



"म्हंजे राजक्कालेबी भेटली असती जागा," भाऊ म्हणाले.

'बाबा उभ्यानं आले' एवढं खोटं मी बोलले असते तर माझं काय गेलं असतं!