रतनबाईची ओळ

प्रशांत मकासरेनं आयुष्यात एकच मोठी चूक केली. स्वतःच्या गाण्यात स्वतःचं नाव ठेवलं नाही. आणि ती चूक करायला त्याच्या मागे लागलो होतो मी.

श्रीरामपूरच्या आमच्या चर्चमध्ये तो पेटीवर आणि मी ढोलकीवर, अशी वीस वर्षं काढली. जुने ख्रिस्ती भजनकार शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे. प्रशांतनंही वहीत तसंच लिहिलं होतं. मी म्हणालो, "गौरव देवाचा, आपला न्हाई. खोड ते." त्यानं निमूट खोडलं. मोठा शहाणा लागून गेलो होतो मी.

त्याचं गाजलेलं गाणं त्याच्या वडिलांच्या मातीच्या वेळी, कबरस्थानात जन्मलं. त्या रंगनाथमामांची सगळी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये यंत्रापुढे उभं राहण्यात गेली. कबरीपाशी पाळकसाहेबांची प्रार्थना संपली आणि रतनबाई, प्रशांतची आई, मोठ्यानं बोलली, "देवा, ह्यास्नी बसाया जागा दे. जलमभर उभं हुतं माजं मानूस." आठवड्याभरात प्रशांतनं त्याचं गाणं केलं: 'बसाया जागा दे रे बापा, जलमभर उभं हुतं.' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा ताल चुकला. मला रडू आवरेना.

मग कुठंही मयत झाली की तेच गाणं. जामखेडहून माणसं त्याला न्यायला यायची. कुणीतरी मोबाईलवर टिपलं आणि ते पार पुण्याकडच्या चर्चच्या मंडळ्यांत पोचलं. प्रशांत मात्र कारखान्यात पाळ्या करत राहिला. गाण्याचं त्यानं कधी काही मागितलं नाही. रतनबाईनं मागितलं.

"माज्या मातीला ह्येच म्हन. आन् ती ओळ माज्याच शब्दात म्हन, बाबा."

त्यानं तिचा हात हातात घेऊन शब्द दिला.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननं जीव वाचला, आवाज गेला. नुसती फुसफुस उरली. त्याच साली आमच्या मंडळीचं नवं गीतपुस्तक निघालं. त्यात हे गाणं होतं, खाली छापलं होतं 'पारंपरिक'. आणि रतनबाईच्या ओळीच्या जागी 'प्रवेश दे रे पित्या, सार्वकालिक सुखात.' आम्ही दोघं पुस्तकाच्या समितीकडे गेलो. एक सभासद म्हणाले, "स्वर्गात बसायला जागा मागायची? ती काय एसटी आहे?" सगळे हसले. प्रशांतनं वही पुढे केली. त्यांनी शेवटचं कडवं बघितलं. "नाव तर तुम्हीच खोडलंय की, भाऊ." ते माझ्यामुळं खोडलं, असं मी सांगून पाहिलं. ढोलकीवाल्याची साक्ष कोण धरतो?

यंदा रतनबाई गेली. चर्चमधून निघताना प्रशांतनं कागदावर लिहून भारतीला दिलं: आईची ओळ तिच्याच शब्दात म्हणा. भारती आमच्या गायकवृंदाची प्रमुख. तिला सूर त्यानंच शिकवलेले. ती हळू आवाजात म्हणाली, "सर, सगळ्यांच्या हातात पुस्तक हाय. आता ऐनवेळी कसं बदलायचं?" वाईट तिलाही वाटत होतं.

कबरस्थानात गाणं सुरू झालं. ती ओळ जवळ आली तसा प्रशांत कबरीच्या काठाशी वाकला. गळ्याच्या शिरा ताणून तो म्हणू लागला, "बसाया जागा दे..." शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला काही कळलं नाही. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. त्यानं आईला दिलेला शब्द ठाऊक असलेला तिथं दुसरा माणूस मीच होतो, आणि माझा गळा ठणठणीत होता.

समोर पाळकसाहेब उभे होते, समितीचे लोक होते. मला भीड पडली. मी मान खाली घातली आणि पुस्तकात बघून, सगळ्यांबरोबर, 'सार्वकालिक सुखात' म्हणालो.