तीन कमी शंभर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते दाणे मोजायचं. नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात आम्ही नवराबायको उगवण तपासायचो. ट्रेमधल्या ओल्या कागदावर बाजरीचे शंभर दाणे ठेवायचे, कोंब आले की मोजायचे. चांगल्या मालाचे बहुतेक रुजतात, म्हणून ती न रुजलेलेच मोजायची. जल्दी होतं. त्या दुपारी म्हणाली, "तीन कमी शंभर. लिहा, आणि चहा सांगा." मी चिठ्ठीवर लिहिलं. चहा यायच्या आत ती कलंडली. दवाखान्यात नेलं, पण वाटेतच गेल्ती.

काही वर्षांआधी दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातला प्रोग्राम आमच्या लेकीनंच केल्ता. मी चौथी शिकलेला, एका बोटानं मोजणी टाकायचो. पहिल्याच हंगामात बायको बोलली तसंच इंग्रजी अक्षरं जुळवून टाकलं: पाच कमी शंभर. संध्याकाळी कागद निघाला, त्यावर उगवण शून्य.

मालक म्हणाला, "काकू, चष्मा बदला आता."

तिनं ट्रे उचलून त्याच्या टेबलावर आदळला. "मोजा तुम्हीच."

त्यानं मोजले. पंच्याण्णव भरले.

लेक म्हणाली, "बाबा, मशीनला आकडा लागतो, शब्द कळत न्हाईत. शब्द आला की ते मधीच बंद पडायचं, म्हणून मी तिथं शून्य धरायला लावलं."

"तुला कळलं न्हाई म्हणून माझे दाणे मेले का?" बायको म्हणाली. "तुझा बाप तंबाखू धरून बोलतो, मला निम्मं कळत न्हाई. मंग मी शून्य धरते का? म्हणते, कळलं न्हाई, परत सांगा."

लेकीनं दुसऱ्याच दिवशी तसं करून टाकलं. आता शब्द टाकला की मशीन बंद पडत नव्हतं, शून्यही धरत नव्हतं. पडद्यावर तिच्या आईचंच वाक्य यायचं, आणि आकडा मिळेपर्यंत पुढं सरकायचं न्हाई. बिलकुल बराबर. शून्य वेगळं आणि न कळणं वेगळं, हे कळायला कॉलेज लागत न्हाई.

बायको गेली त्या संध्याकाळी तिला स्मशानात पोचवून आलो. भाऊ म्हणाला, "सुतक आहे. दहा दिवस दुकानाचं नाव काढू नको." पण चिठ्ठी माझ्या खिशात होती. मशीनवर आकडा चढला न्हाई तर तो ट्रे दुसरं कुणीतरी मोजणार, आणि तिची मोजणी वाया जाणार. तिची मोजणी कधी चुकली न्हाई. ती परत मोजू द्यायची न्हाई, हे माझं पक्कं होतं.

सकाळी दुकान उघडताच जाऊन बसलो. एका बोटानं टाकलं: तीन कमी शंभर.

कळलं न्हाई, परत सांगा.

परत तेच टाकलं. परत तिनं तेच इचारलं.

मंग उठलो, बाहेर जाऊन तंबाखू थुंकून आलो, आणि सत्त्याण्णव टाकले.