भोंगा वाजायच्या आधी

समोरच्या रोझाबाईंच्या गॅलरीतला लाल मफलर उन्हानं पार गुलाबी पडलाय. इटलीतल्या या गावाचा बास्केटबॉलचा क्लब आहे. सामन्याच्या सकाळी घरोघरी कठड्याला क्लबचा मफलर बांधतात आणि सामना संपल्याचा शेवटचा भोंगा वाजल्यावरच सोडतात, मग जिंकोत नाहीतर हरोत.

हा मफलर रोझाबाईंच्या नवऱ्यानं बांधला, त्याच दुपारी साथीमुळे सामना रद्द झाला. पुढे लीगनं कळवून टाकलं: हंगाम संपला, विजेता कुणीच नाही.

संपला? माझं डोकंच फिरलं. सामने थांबवलेत ते बरोबरच केलंत, माणसं मरत होती. पण मग 'थांबवला' म्हणा ना! रस्ता संपतो, गोष्ट संपते, तेही शेवटापर्यंत गेल्यावर. भरल्या ताटावरून उठवलेल्या माणसाला 'झालं ना जेवण?' असं विचारायचं? आणि वर त्यानं ढेकरही द्यावा, ही अपेक्षा!

रोझाबाईंचा नवराही त्याच साथीत गेला. बाईंना शेवटचं भेटूसुद्धा दिलं नाही. हॉस्पिटलातून फोन आला, त्यातही हाच शब्द: संपलं सगळं.

काल इमारतीचा रखवालदार खालून ओरडला, "बाई, सोडा की आता तो मफलर! हंगाम केव्हाच संपला."

रोझाबाई कठड्यावरून अर्ध्या बाहेर वाकल्या. एवढ्याशा बाईचा आवाज अख्ख्या गल्लीत घुमला.

"भोंगा वाजला? तू ऐकलास? मी नाही ऐकला!"